कोड एडिटर हाताला कसा बसवला? तुमचे शॉर्टकट, स्निपेट आणि कर्सर इथे सांगा

अर्धविराम · शनिवार, रात्री १०:५०

मागच्या आठवड्यात आमच्या टीममध्ये नवीन आलेल्या मुलीशेजारी बसून तिचं काम बघत होतो. महाराष्ट्रातल्या ३६ जिल्ह्यांची यादी तिला जावास्क्रिप्टच्या अ‍ॅरेमध्ये (कोडमधल्या यादीत) टाकायची होती. प्रत्येक नावाआधी अवतरणचिन्ह, मग बाण दाबत दाबत नावाच्या शेवटी, तिथे पुन्हा अवतरणचिन्ह, स्वल्पविराम, खालची ओळ. हात झरझर चालत होता, चूक एकही नव्हती. पण अकराव्या जिल्ह्यापर्यंत बघितलं आणि मला राहवेना.

तिला विचारून कीबोर्ड माझ्याकडे ओढला. आम्ही दोघंही व्हीएस कोड हा एडिटर वापरतो. सगळी यादी सिलेक्ट केली आणि शिफ्ट+अल्ट+आय दाबलं. प्रत्येक ओळीच्या टोकाला एकेक कर्सर उभा राहिला. शिफ्ट+होम दाबल्यावर छत्तीसही नावं एकदम सिलेक्ट झाली. मग अवतरणचिन्ह एकदाच दाबलं. सिलेक्ट केलेल्या मजकुरावर ते दाबलं की मजकूर पुसला जात नाही, त्याला दोन्ही बाजूंनी अवतरण लागतं. मग एंड, स्वल्पविराम, एस्केप. संपलं.

पुणे
सातारा
सांगली

याचं झालं

"पुणे",
"सातारा",
"सांगली",

ती काही क्षण नुसती बघत राहिली आणि म्हणाली, "हे कॉलेजात कुणी कसं नाही सांगितलं?" त्या प्रश्नामुळेच हा धागा काढतोय.

एक गोष्ट मात्र आधी करायची. वेबपानावरून उचललेल्या यादीत नावांच्या मागे मोकळ्या जागा चिकटून येतात. कंट्रोल+के आणि लगेच कंट्रोल+एक्स दाबलं की ओळींच्या शेवटच्या मोकळ्या जागा निघून जातात. हे राहिलं तर अवतरणात "सातारा " असं जातं, आणि मग साताऱ्याची माहिती का दिसत नाही ते शोधण्यात अख्खी दुपार जाते. डोळ्यांना ती जागा दिसतच नाही.

त्याच यादीला पुढे जिल्ह्यांचे कोड जोडायचे होते. ते एक्सेलच्या एका स्तंभात होते. स्तंभ कॉपी केला, इथे ३६ कर्सर उभे केले आणि पेस्ट केलं. क्लिपबोर्डवरच्या ओळी आणि कर्सर यांची संख्या जुळली तर पहिली ओळ पहिल्या कर्सरला, दुसरी दुसऱ्याला अशी वाटणी होते. संख्या जुळली नाही तर अख्खा स्तंभ प्रत्येक कर्सरपाशी पडतो. आमच्या स्तंभात मध्येच एक रिकामी ओळ होती, म्हणजे ३७ ओळी. ३६ गुणिले ३७, पडद्यावर १३३२ ओळींचा ढीग. कंट्रोल+झेड एकदा दाबल्यावर सगळं जागेवर आलं. रिकामी ओळ काढली, पुन्हा पेस्ट केलं, व्यवस्थित बसलं.

शॉर्टकटबद्दल. मी रोज वापरतो ते पंधरा-सोळाच असतील. फाइल उघडायला कंट्रोल+पी, ओळ वर-खाली सरकवायला अल्ट+बाण, ओळीची प्रत काढायला शिफ्ट+अल्ट+खालचा बाण, तसाच पुढचा शब्द सिलेक्ट करायला कंट्रोल+डी, नको असलेला वगळायला कंट्रोल+के मग कंट्रोल+डी, आणि चुकून एक जास्त घेतला गेला तर शेवटचा कर्सर सोडायला कंट्रोल+यू. मॅकवर बहुतेक ठिकाणी कंट्रोलच्या जागी कमांड आणि अल्टच्या जागी ऑप्शन. पन्नास शॉर्टकटचा तक्ता छापून समोर लावल्याने माझ्या हातात काहीच उतरलं नाही, तक्ता दोनदा लावून बघितलाय. उतरलं ते वेगळ्या सवयीने. मॉनिटरच्या कडेला एक चिठ्ठी असते. एकच हालचाल दिवसात तिसऱ्यांदा हाताने केली की ती चिठ्ठीवर लिहितो. सोमवारी त्यातली एकच निवडायची आणि तिचा शॉर्टकट शोधायचा, नसेल तर बनवायचा. आठवडाभर फक्त तेवढाच. पुढच्या सोमवारपर्यंत बोटं आपोआप तिकडे जातात.

स्निपेटचंही, म्हणजे दोन-चार अक्षरांतून उलगडणाऱ्या तयार मजकुराचंही, तेच. दुसऱ्याचे दोनशे स्निपेट आयते उतरवून घेतले तर त्यातले दोन आठवतात. स्वतःचे सहा असले तरी ते रोज लागतात. माझा सगळ्यात जास्त वापरला जाणारा स्निपेट रिअ‍ॅक्ट कंपोनंटचा (वेबपानाच्या एका तुकड्याचा) आहे. मी चार अक्षरं टाइप करून टॅब दाबतो, सांगाडा उभा राहतो, आणि कंपोनंटचं नाव फाइलच्या नावावरून आपोआप येतं. स्निपेटच्या मजकुरात डॉलर आणि १, डॉलर आणि २ अशा खुणा पेरायच्या. टॅब दाबत गेलं की कर्सर त्याच क्रमाने उड्या मारतो आणि शेवटी डॉलर-शून्यावर थांबतो. एकच आकडा दोन ठिकाणी लिहिला तर एकीकडे टाइप केलेलं दुसरीकडेही उमटत जातं. उभ्या रेघांमध्ये स्वल्पविराम देऊन पर्याय लिहिले तर निवडायला छोटी यादीही उघडते.

तुमच्या हाताला काय बसलंय, काय बसलं नाही, कुठे फसगत झाली, सगळं लिहा. एडिटर कुठलाही असो.

पाणवठा · शनिवार, रात्री ११:३५

वाचनखूण साठवली आहे. माझी फसगत सांगते, म्हणजे दुसऱ्या कुणाची होणार नाही.

आमच्याकडेही जिल्ह्यांचीच फाइल होती. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं तेव्हा ते बदल शांतपणे एकेक बघत केले होते. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. आमच्या फाइलमध्ये काही ठिकाणी अहमदनगर होतं आणि बऱ्याच ठिकाणी बोलण्यातलं नुसतं "नगर". मी "नगर" सिलेक्ट केलं, कंट्रोल+शिफ्ट+एल दाबलं आणि अहिल्यानगर टाइप केलं. समोर दिसणाऱ्या ओळी अगदी बरोबर होत्या. दिसत नव्हत्या त्या ओळींमध्ये "मुंबई उपनगर" होतं. त्याचं "मुंबई उपअहिल्यानगर" झालं. आणि संभाजीनगरचं काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल.

रिव्ह्यूमध्ये सुटलं, ड्रॉपडाउनमध्ये गेलं आणि एका वापरणाऱ्याने स्क्रीनशॉट काढून पाठवला. फॉर्म भरायला बसलेल्या माणसाला स्वतःचा जिल्हा असा दिसला, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून कंट्रोल+शिफ्ट+एल दाबलं की टाइप करायच्या आधी खालच्या पट्टीकडे बघते. तिथे किती सिलेक्शन झाली तो आकडा येतो. मला सात अपेक्षित असतील आणि तिथे अकरा दिसले तर आधी एस्केप.

अर्धविराम · रविवार, सकाळी ७:२०

पाणवठा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. खालच्या पट्टीतला आकडा मूळ पोस्टमध्येच यायला हवा होता.

तुमच्या प्रसंगात एक बारकावा आहे, तो बऱ्याच जणांना माहीत नसतो. काहीही सिलेक्ट न करता कर्सर शब्दात नुसता ठेवून कंट्रोल+डी दाबलं तर पहिल्या दाबण्यात तो शब्द सिलेक्ट होतो आणि पुढच्या दाबण्यांत फक्त पूर्ण शब्दच जुळवले जातात. म्हणजे सुटा "नगर" सापडेल, "उपनगर" सापडणार नाही. पण तुम्ही माउसने किंवा शिफ्ट+बाणाने स्वतः सिलेक्ट केलंत की नियम बदलतो. मग शोधाच्या खिडकीत "पूर्ण शब्द" हे बटण चालू आहे की बंद, त्यावर सगळं ठरतं. साधारणपणे ते बंद असतं, म्हणून "उपनगर"च्या पोटातला "नगर"ही हाताला लागतो. इंग्रजी कोडमध्ये "आयडी" नावाच्या व्हेरिएबलचं हेच होतं. ती दोन अक्षरं "विड्थ"च्या मधोमध बसलेली असतात.

दुसरं, कोडमधलं व्हेरिएबल किंवा फंक्शनचं नाव बदलायचं असेल तर कर्सर वापरूच नका, एफ२ वापरा. एफ२ला त्या नावाचा अर्थ कळतो: कुठलं नाव याच फंक्शनमधलं, कुठलं दुसऱ्या फाइलमधून आयात केलेलं, कुठलं नुसतं योगायोगाने सारखं. कर्सरला फक्त अक्षरांचा आकार कळतो. तुमची फाइल जेसन, म्हणजे नुसत्या माहितीची, होती, तिथे एफ२चा उपयोग नव्हता, म्हणून आकडा मोजणं हाच उपाय.

रानवारा · रविवार, सकाळी ९:०५

माझ्या लॅपटॉपवर कंट्रोल+अल्ट+खालचा बाण दाबला की खाली दुसरा कर्सर यायच्या ऐवजी पूर्ण स्क्रीनच उलटी व्हायची. मान वाकडी करून पुन्हा कंट्रोल+अल्ट+वरचा बाण दाबायला लागायचा. काय करावं ते कळेना, म्हणून कर्सर वापरणंच सोडलं होतं. कुणाला आलाय असा अनुभव?

अर्धविराम · रविवार, सकाळी ९:२०

रानवारा, तो ग्राफिक्स ड्रायव्हरचा शॉर्टकट आहे. ड्रायव्हरच्या कंट्रोल पॅनेलमध्ये हॉटकीज असा भाग शोधा आणि त्या बंद करा. लिनक्सच्या काही डेस्कटॉपवर हीच बटणं वर्कस्पेस बदलायला घेतलेली असतात. तिथे डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये जाऊन ती मोकळी करा, नाहीतर एडिटरमध्ये दुसरी जोडी बांधा.

कुठलं बटण कुणी अडवलंय ते शोधायचं असेल तर कंट्रोल+के, कंट्रोल+एस. शॉर्टकटची यादी उघडते. तिथे शोधाच्या चौकटीशेजारी कीबोर्डचं चित्र आहे, ते दाबून आपली बटणं दाबून बघा. एडिटरपर्यंत ती पोचली तर चौकटीत उमटतात आणि त्यांना बांधलेल्या सगळ्या कमांड दिसतात. पोचलीच नाहीत तर मधेच दुसऱ्या कुणीतरी गिळली आहेत. एक्स्टेन्शननेच (एडिटरला वरून जोडलेल्या भागानेच) बटण अडवलेलं असेल तर शॉर्टकटच्या जेसन फाइलमध्ये त्या कमांडच्या नावाआधी वजाचं चिन्ह देऊन लिहा, ती जोडणी सुटते. आणि "व्हेन" या अटीचा वापर करा. तेच बटण मार्कडाउन (साध्या गद्याच्या) फाइलमध्ये एक काम करेल आणि पायथॉनमध्ये दुसरं, असं छान जमतं.

जुनी_पाटी · रविवार, दुपारी १२:४०

चर्चा चांगली चालली आहे. मी विमवाला आहे (विम हाही एक एडिटरच), १७ वर्षं तेच वापरतोय, तेव्हा थोडी वेगळी बाजू मांडतो.

एकाहून अधिक कर्सर विमला मुळातच लागत नाहीत, कारण तिथे कामच वेगळ्या पद्धतीने लक्षात ठेवलं जातं. शब्दावर जाऊन तारा दाबा, म्हणजे तो शब्द शोधात जातो, तोही पूर्ण शब्द म्हणूनच. मग सी, जी, एन ही तीन बटणं, नवा शब्द, एस्केप. आता प्रत्येक वेळी नुसता टिंब दाबायचा, पुढचा शब्द बदलतो. एखादा बदलायचा नसेल तर एन दाबून पुढे. पाणवठा ताईंच्या "उपनगर"पाशी मी थांबलो असतो, कारण प्रत्येक जागा डोळ्यांखालून जाते. कर्सरच्या पद्धतीत सगळं एकदम घडतं, आणि जे एकदम घडतं ते बघायचं राहून जातं.

यादीला अवतरण घालायचं काम मात्र मी मॅक्रोने करतो. क्यू आणि एक अक्षर दाबून नोंद सुरू, एका ओळीवर पूर्ण काम, क्यू दाबून नोंद बंद, मग ३५ आणि अ‍ॅट द रेट, मग तेच अक्षर. ईमॅक्स या एडिटरमध्येही मॅक्रो आहेत, एफ३ने नोंद सुरू आणि एफ४ने बंद. पुन्हा एफ४ दाबलं की तेच काम परत.

थोडा इतिहास सांगतो, कारण शॉर्टकट हवेतून आलेले नाहीत. बिल जॉय यांनी १९७६च्या सुमारास विमचा पूर्वज व्हीआय लिहिला तो एडीएम-३ए नावाच्या टर्मिनलवर. त्या टर्मिनलच्या एच, जे, के, एल या बटणांवरच बाण छापलेले होते, आणि आज जिथे टॅब असतो तिथे एस्केप होतं. म्हणून ती चार अक्षरं हलायला आणि एस्केप इतक्या वेळा. आज एस्केप कोपऱ्यात गेलंय, करंगळी ताणावी लागते, त्यामुळे बरेच जण ते कॅप्सलॉकवर आणतात. तुम्ही म्हणता ते टॅबने उलगडणारे स्निपेट टेक्स्टमेट या मॅकवरच्या एडिटरने लोकप्रिय केले. तो २००४मध्ये आला. व्हीएस कोडच्या स्निपेटमध्ये फाइलचं नाव, सिलेक्ट केलेला मजकूर वगैरेंची जी नावं आहेत त्यांच्या सुरुवातीला "टीएम" असतं बघा. ते टेक्स्टमेटचं टीएम. आणि कंट्रोल+डी घरोघरी पोचवलं सब्लाइम टेक्स्ट या एडिटरने.

सब्लाइमवरून येणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा. तिथे कंट्रोल+शिफ्ट+एल म्हणजे सिलेक्शनच्या प्रत्येक ओळीवर कर्सर. व्हीएस कोडमध्ये तेच बटण सगळे सारखे शब्द पकडतं. बोटांना जुनी सवय असेल तर मोठा घोटाळा होतो.

अर्धविराम · रविवार, दुपारी १:१५

पाटी काका, डोळ्यांखालून जाण्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. शब्द बदलण्यासाठी तुमची पद्धत माझ्यापेक्षा चांगली आहे. ओळींचा आकार बदलायचा असेल, म्हणजे अवतरण, स्वल्पविराम, कंस, तिथे मला कर्सर सोपे वाटतात, कारण चुकलं तर टाइप करता करताच सगळ्या ओळींवर दिसतं. व्हीएस कोडमध्ये विमचं एक्स्टेन्शन टाकणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो: तिथे कंट्रोल+डी अर्धं पान खाली नेतं. पुढचा सारखा शब्द घ्यायचा असेल तर जी आणि बी.

कोरी_वही · रविवार, संध्याकाळी ६:१०

नमस्कार सर्वांना. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या लॅबमध्ये पीसी रोज वेगळा मिळतो आणि सेटिंग परत पहिल्यासारखी झालेली असते. इन्स्टॉल करायची परवानगी नाही. मग स्निपेट बनवून काय उपयोग? दुसरं, मी घरी भावाच्या लॅपटॉपवर एक स्निपेट बनवला, तो जावाच्या फाइलमध्ये येतो, पण नोट्सच्या मार्कडाउन फाइलमध्ये येतच नाही. मार्गदर्शन करावे.

जुनी_पाटी · रविवार, संध्याकाळी ६:४५

बाळा, पेनड्राइव्ह आहे ना? व्हीएस कोडची विंडोजसाठी झिप मिळते, ती इन्स्टॉल करावी लागत नाही. घरी ती पेनड्राइव्हवर उघड, त्या फोल्डरमध्ये "डेटा" नावाचं फोल्डर इंग्रजीत, लहान अक्षरांत बनव. एवढं केलं की सेटिंग, स्निपेट, एक्स्टेन्शन सगळं त्या डेटा फोल्डरमध्येच राहतं आणि तुझ्याबरोबर फिरतं. लॅबमध्ये पेनड्राइव्ह चालू देत असतील तर आधी सरांना विचारून घे.

सेटिंग सिंकही आहे, पण त्यासाठी खात्यात लॉगिन करावं लागतं. सार्वजनिक पीसीवर ते करू नकोस.

अर्धविराम · रविवार, संध्याकाळी ७:३०

आणि प्रोजेक्टपुरते स्निपेट हवे असतील तर ते प्रोजेक्टमध्येच ठेवता येतात. प्रोजेक्टच्या आत टिंबाने सुरू होणारं "व्हीएसकोड" नावाचं फोल्डर असतं, त्यात नावाच्या शेवटी टिंब आणि "कोड-स्निपेट्स" असलेली फाइल बनव. गिटबरोबर, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाबरोबर, ती सगळीकडे जाते. ग्रुप प्रोजेक्ट असेल तर मित्रांनाही मिळते. आमच्या टीमने टेस्टचा सांगाडा असाच ठेवलाय, त्यामुळे सगळ्यांच्या टेस्ट एकाच घाटाच्या दिसतात.

मार्कडाउनचं कारण सोपं आहे. मार्कडाउन फाइलमध्ये टाइप करता करता सूचना दाखवणं मुळात बंद असतं, कारण गद्य लिहिताना त्या मध्ये मध्ये येतात. स्निपेट तिथे आहे, फक्त स्वतःहून पुढे येत नाही. नावाची अक्षरं लिही आणि कंट्रोल+स्पेस दाब. किंवा सेटिंगमध्ये "टॅब कम्प्लीशन" शोध आणि "ओन्ली स्निपेट्स" कर, म्हणजे यादी न उघडताच नुसत्या टॅबने स्निपेट उलगडेल. स्निपेट बनवताना तो जागतिक केला होतास की फक्त जावासाठी, तेही एकदा बघ.

ओवी · रविवार, रात्री ९:५५

माझं काम थोडं वेगळं आहे. मी अ‍ॅपचे मजकूर मराठीत आणते, म्हणजे दिवसभर जेसन फाइल आणि त्यात देवनागरी. इथे सगळे शॉर्टकट इंग्रजी कोडच्या हिशोबाने सांगितले जातात, म्हणून मराठीत काय होतं ते लिहिते.

कंट्रोल+स्पेसचंच घ्या. मॅकवर भाषा बदलायला तेच बटण असतं. लिनक्सवर काही कीबोर्ड पद्धतींनाही तेच लागतं. मी सूचना मागायला जायचे आणि कीबोर्ड मराठी व्हायचा. शेवटी सूचनांसाठी वेगळं बटण बांधलं. लिनक्सवर इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड चालू असताना कंट्रोल+डी सारखे शॉर्टकट चालत नसतील तर सेटिंगमध्ये "कीबोर्ड डिस्पॅच" शोधा, "कोड"च्या जागी "कीकोड" करा आणि एडिटर बंद करून उघडा. माझ्याकडे त्याने सुटलं.

माउसने उभा पट्टा सिलेक्ट करायची पद्धत, शिफ्ट+अल्ट धरून ओढायची, देवनागरीत कामाची नाही. कोडचे फॉन्ट प्रत्येक अक्षराला सारखी रुंदी देतात, आपल्या अक्षरांना ते शक्य नाही. "कि" आणि "ज्ञा" एका रुंदीत कसे बसणार? पट्टा एका ओळीत शब्दाआधी कापतो, दुसरीत शब्दाच्या मध्ये. त्यापेक्षा अर्धविराम यांची शिफ्ट+अल्ट+आय आणि होम-एंडची पद्धत चांगली, ती रुंदीवर अवलंबून नाही.

रेगेक्सचंही, म्हणजे नमुना देऊन शोधायच्या पद्धतीचंही, सांगते. शोधात अल्ट+आर दाबून रेगेक्स चालू करायचं, नमुना लिहायचा, अल्ट+एंटर दाबलं की जुळलेल्या सगळ्या जागी कर्सर येतात. फार ताकदीचं आहे. पण पुस्तकातला "शब्दाचं अक्षर" हा बॅकस्लॅश-डब्ल्यू फक्त इंग्रजी अक्षरं ओळखतो. "पुणे"मधलं एकही अक्षर त्याला दिसत नाही. बॅकस्लॅश-बी ही शब्दाची सीमाही त्यामुळे मराठीत भलतीकडे पडते. मी हा नमुना वापरते:

[ऀ-ॿ]+

युनिकोडमधला देवनागरीचा पूर्ण पट्टा यात येतो. मराठी आकडे आणि दंडही येतात, तेवढं ध्यानात ठेवायचं.

आता जिथे अडकले आहे ते. एका फाइलमध्ये "दुसऱ्या" हा शब्द २२ वेळा आहे, मी हाताने मोजलाय. कंट्रोल+शिफ्ट+एल दाबलं की खाली १९ दिसतात. तीन कुठे जातात? डोळ्यांना सगळे सारखेच दिसतात.

अर्धविराम · रविवार, रात्री १०:३०

ओवी ताई, यातलं निम्मं मला माहीत नव्हतं. कोड मराठीत नसला तरी मजकूर मराठीत असतोच, आणि मी ज्या जिल्ह्यांच्या यादीने सुरुवात केली तीही देवनागरीच होती. तुमच्या तीन शब्दांचं उत्तर मला येत नाही. पाटी काका?

जुनी_पाटी · रविवार, रात्री ११:०५

ताई, तो ऱ्या आहे ना, तिथेच गोम आहे. अर्धा र तसा काढायच्या दोन वाटा आहेत. एक, मराठीसाठी युनिकोडमध्ये टिंब असलेला वेगळा ऱ आहे, त्याला हलन्त देऊन पुढे या. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही एकच दिसतात, आत मात्र अक्षरं वेगळी. शिवाय टिंबवाला ऱ हाही काही कीबोर्ड एकसंध देतात आणि काही साधा र अधिक खाली नुक्ता असा दोन तुकड्यांत देतात. तुमचे तीन शब्द दुसऱ्या कुणीतरी वेगळ्या कीबोर्डवरून लिहिलेले असणार. हा नमुना रेगेक्स चालू करून बघा:

दुस(ऱ्|र्‍)या

उभ्या रेघेच्या उजवीकडे जोडकवाला र आहे. इथून कॉपी करा, हाताने टाइप करू नका. आणि तुमचा [ऀ-ॿ] हा पट्टा त्या जोडकापाशी तुटेल, कारण तो देवनागरीच्या पट्ट्याबाहेर बसतो.

शमी · सोमवार, सकाळी ८:४०

छान धागा. एक मनापासूनचा प्रश्न आहे. आता एआय पूर्ण फंक्शन लिहून देतो. "या यादीला अवतरण घाल" म्हटलं की घालतो. मग बोटांना एवढं शिकवायचं कशासाठी?

पाणवठा · सोमवार, सकाळी ९:१५

शमी, मीही एआय वापरते. पण जिल्ह्यांची यादी त्याच्याकडे दिली की ३६ची ३६ परत आली का, कुठलं नाव त्याने स्वतःच्या मनाने "सुधारलं" का, हे मला पुन्हा मोजावं लागतं. कर्सर माझ्या मजकुरातलं एकही अक्षर स्वतःहून बदलत नाही. आणि स्निपेट आज जे देतो तेच उद्या देतो. लायसन्सचा मथळा, टेस्टचा सांगाडा, एरर नोंदवायची ठरलेली पद्धत, यात रोज थोडा फरक पडलेला मला चालत नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. एआयची करडी सूचना आणि स्निपेटची पुढची उडी, दोन्ही टॅबवरच. मला पुढच्या खुणेवर जायचं असायचं आणि नको असलेल्या चार ओळी आत यायच्या. मी एआयची सूचना स्वीकारायला वेगळं बटण बांधलं आणि टॅब स्निपेटला ठेवला.

निशिगंध · सोमवार, दुपारी २:२०

मनगटाच्या दुखण्यामुळे मला मागच्या वर्षी दोन महिने टायपिंग कमी करावं लागलं. डॉक्टरांनी माउस कमीत कमी वापरायला सांगितलं, तेव्हा शॉर्टकटकडे वळले. ज्यांना असा त्रास आहे त्यांना एवढंच सांगते की तीन बटणांचे शॉर्टकट डाव्या करंगळीवर फार भार टाकतात. कॅप्सलॉकला कंट्रोल करा. मॅकच्या सेटिंगमध्ये ते आहेच, विंडोजवर पॉवरटॉइज या साधनातून होतं. आणि जी कामं दिवसात शंभरदा होतात ती एकेरी फंक्शन-बटणावर आणा. मी फाइल शोधणं आणि टर्मिनल उघडणं असं केलंय. सगळं कीबोर्डनेच केलं पाहिजे असंही नाही. अल्ट धरून दोन ठिकाणी क्लिक केलं तर दोन कर्सर येतात, दोन-तीन जागांसाठी मला तेच सोपं जातं.

रानवारा · सोमवार, दुपारी ३:१०

हॉटकीज बंद केल्या. स्क्रीन आता जागेवर राहते. अर्धविराम, मनापासून आभार. कंपनीत शेजारच्या दोघांच्या लॅपटॉपवरही बंद करून दिल्या.

कोरी_वही · सोमवार, संध्याकाळी ७:००

सरांनी पेनड्राइव्हला परवानगी दिली. डेटा फोल्डर बनवून घेतलं. आज लॅबमध्ये माझा जावाच्या मेन मेथडचा स्निपेट चालला. बाकीच्यांनी विचारलं म्हणून चौघांना झिप दिली. मार्कडाउनमध्येही टॅबने येतोय. काका आणि दादा, दोघांचे आभार.

ओवी · सोमवार, रात्री ९:३०

पाटी काका, तुमचा नमुना कॉपी करून लावला. १९चे २१ झाले. राहिलेला एक शोधत बसले, तो नुक्त्याचा निघाला, तुम्ही सांगितलेली तिसरी तऱ्हा. तिन्ही एकाच ऱ्यात बदलले, खालच्या पट्टीत बावीस आकडा बघितला आणि मगच सेव्ह केलं. आता बाकीच्या फाइलमध्ये "तिसऱ्या", "दऱ्या", "अपुऱ्या" हे सगळे तपासायला घेतलेत. पहिल्याच फाइलमध्ये अजून आठ सापडले.